शिसे-अम्ल बॅटरीतील पाण्याची पातळी

शिसे-अम्ल बॅटरीतील पाण्याची पातळी राखणे म्हणजे घरगुती इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, मोटारगाडी, कॅराव्हॅन इत्यादींमधील, झाकणे उघडून पाणी घालता येईल अशा बॅटरीतून भारणाच्या वेळी कमी झालेले पाणी ठरावीक काळाने, शुद्ध स्वरूपात आणि योग्य प्रमाणात भरून काढणे होय. अशा बॅटरीतून नेहमीच्या वापरात कमी होते ते केवळ पाणी. अम्ल बॅटरीतच राहते. म्हणून तिच्यात पुन्हा अम्ल न घालता फक्त ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाणी घालतात. व्यवहारात या पाण्यास डिस्टिल्ड वॉटर किंवा बॅटरीचे पाणी असे म्हणतात. पातळी पट्ट्यांच्या खाली गेल्यास बॅटरीची क्षमता कायमची घटते.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरात या देखभालीस विशेष महत्त्व आहे. पावसाळ्यातील खंडित वीजपुरवठ्यामुळे येथे इन्व्हर्टरचा वापर सर्वत्र आढळतो; परंतु आठवडाअखेरीसच उघडणारे बंगले, हंगामापुरती चालणारी शेतीयंत्रे आणि अधूनमधून वापरली जाणारी पर्यटनवाहने यांतील बॅटऱ्यांकडे अनेक आठवडे कोणाचे लक्ष जात नाही.

परिसर व वापर

लोणावळा हे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे कामशेत, वडगाव, तळेगाव दाभाडे या दिशेने पावसाचे प्रमाण झपाट्याने कमी होत जाते. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांच्या पाण्यावर टाटांची जलविद्युत योजना उभी राहिली आणि १९१५ पासून घाटाखालील खोपोलीच्या केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली. देशातील मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी हा एक आद्य प्रकल्प होय. असे असले तरी पावसाळ्यात वादळी वारा, उन्मळून पडलेली झाडे आणि तारांवर आलेल्या फांद्या यांमुळे डोंगराळ भागातील वीजपुरवठा खंडित होतो. अशा वेळी घरे, दुकाने, दवाखाने, हॉटेले व बंगले इन्व्हर्टरवर अवलंबून असतात.

या परिसरात पाणी घालावे लागणाऱ्या बॅटऱ्या मुख्यतः चार ठिकाणी दिसतात. पहिले स्थान घरगुती इन्व्हर्टरचे असून त्यास बहुधा १२ व्होल्टची, १५० ॲम्पिअर-तास किंवा त्याच्या आसपास क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी जोडलेली असते. दुसरे स्थान भातशेतीतील चिखलणीस वापरल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचे. तिसरे स्थान जनरेटर, मालवाहू टेम्पो व जुन्या मोटारींचे. चौथे स्थान पवना जलाशयाच्या काठची तंबूनिवासाची ठिकाणे व कॅराव्हॅन यांचे. तेथे दिवे, पंखे व लहान शीतपेट्या चालविण्यासाठी बॅटरी लागते.

रचना

शिसे-अम्ल घटाचा शोध फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लगदा थापलेल्या पट्ट्या तयार केल्या व त्यामुळे या घटाचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. पुन्हा पुन्हा भारित करता येणारा हा सर्वांत जुना प्रकार आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

घटाची धन पट्टी शिशाच्या डायऑक्साइडाची, तर ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असते. दोन्ही पट्ट्या सल्फ्युरिक अम्ल व पाणी यांच्या मिश्रणात बुडालेल्या असतात. या मिश्रणास विद्युत् विच्छेद्य म्हणतात. पूर्ण भारित बॅटरीत वजनाने सुमारे ३५ ते ३७ टक्के अम्ल असते व उरलेले पाणी. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असल्याने १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. सहाही घट एकमेकांपासून पूर्णपणे अलग असतात. त्यामुळे एका घटात घातलेले पाणी दुसऱ्यात जात नाही आणि प्रत्येक झाकण स्वतंत्रपणे उघडून पाहावे लागते.

वीज घेताना अम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जमते, पाणी तयार होते आणि मिश्रण पातळ होते. भारण करताना ही क्रिया उलट होते व अम्ल पुन्हा मिश्रणात येते. मिश्रणाचे विशिष्ट गुरुत्व मोजून बॅटरी किती भरली आहे हे ठरविता येते, ते यामुळेच. पूर्ण भारित बॅटरीत ते बहुधा १.२५ ते १.२८ असते, बॅटरी पूर्ण उतरल्यावर ते १.१२ ते १.१५ पर्यंत खाली येते.

पाणी कमी होण्याची कारणे

पाणी कमी होण्याचे प्रमुख कारण विद्युत् विच्छेदन हे आहे. पट्ट्यांवरील सल्फेटाचे रूपांतर पूर्ण होत आले, की पुढे येणारी वीज पाण्याचेच हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंत विघटन करू लागते. ही क्रिया प्रत्येक घटास सुमारे २.३५ ते २.४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीस १४.१ ते १४.४ व्होल्ट दाब मिळू लागल्यावर वेगाने घडते. झाकणाखाली ऐकू येणारा बुडबुड्यांचा आवाज हे तिचे लक्षण होय. तापमान वाढले की हीच क्रिया कमी दाबावर सुरू होते. साध्या बाष्पीभवनाने होणारी घट त्या मानाने थोडी असते.

फॅराडेच्या नियमानुसार प्रत्येक ॲम्पिअर-तास अतिरिक्त विजेमागे एका घटातील सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी नष्ट होते; सहा घटांच्या बॅटरीत ही घट सुमारे २ ग्रॅम होते. उदाहरणार्थ, भरलेल्या बॅटरीस इन्व्हर्टरमधून सतत १०० मिलिॲम्पिअर वीज मिळत राहिली, तर दिवसाला २.४ ॲम्पिअर-तास होतात व जवळजवळ ५ ग्रॅम पाणी जाते. महिन्याला हे प्रमाण सुमारे १४५ ग्रॅम, तर तीन महिन्यांत ४३० ग्रॅमच्या पुढे जाते. वीज एकदाही गेली नाही आणि बॅटरीवर एकही दिवा लागला नाही, तरी ही घट चालूच राहते. ‘इन्व्हर्टर वापरलाच नाही, म्हणून पाणी कमी झाले नसेल’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

पाणी किती जाईल हे पट्ट्यांच्या धातूवरही अवलंबून असते. शिशात अँटिमनी मिसळलेल्या पट्ट्या मजबूत असतात व वारंवार उतरणे-भरणे सहन करतात. मात्र अँटिमनीमुळे पाणी अधिक खर्च होते. कॅल्शियम मिसळलेल्या पट्ट्यांमध्ये हा खर्च बराच कमी असतो. बॅटरी जुनी होत जाते तसा अँटिमनीचा अंश ऋण पट्टीवर जमून पाण्याचा खर्च वाढतो. नव्या बॅटरीस पुरणारा तपासणीचा कालावधी जुन्या बॅटरीस पुरत नाही.

पातळी घटल्याचे परिणाम

मिश्रणाची पातळी पट्ट्यांच्या वरच्या कडेखाली गेली, की उघड्या पडलेल्या भागाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होतो. ऋण पट्टीवरील सच्छिद्र शिसे ऑक्सिडित होते, त्यावर सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि तो भाग निकामी होतो. नंतर पाणी घातले तरी गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही.

दुसरा परिणाम उरलेल्या मिश्रणावर होतो. पाणी गेल्याने अम्लाचे प्रमाण वाढते आणि तीव्र अम्ल धन पट्टीची जाळी व पट्ट्यांमधील विभाजक पडदे लवकर झिजविते. द्रव कमी असल्याने बॅटरी अधिक तापते. तापल्याने वायुनिर्मिती वाढते व पाणी आणखी वेगाने कमी होते. ही साखळी चालू राहिल्यास बॅटरीची पेटी फुगते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा वास विषारी हायड्रोजन सल्फाइडाचा असतो. असे आढळल्यास भारण तत्काळ बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बॅटरी थंड होईपर्यंत तिच्याजवळ थांबू नये.

पाणी प्रमाणाबाहेर घालणेही हानिकारक असते. भारणाच्या वेळी मिश्रण प्रसरण पावते व बुडबुड्यांसह वर चढते. जागा न उरल्यास ते झाकणावाटे बाहेर सांडते. या वेळी बाहेर जाते ते अम्लयुक्त मिश्रण असल्याने त्या घटातील अम्ल कायमचे कमी होते. शिवाय ट्रॉली, फरशी व तारांची टोके गंजतात.

योग्य पाणी

बॅटरीसाठी वापरावयाच्या पाण्यातील अशुद्धींची कमाल मर्यादा भारतीय मानक आयएस १०६९ मध्ये ठरवून दिलेली आहे. बाजारातील ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाणी सीलबंद बाटलीत किंवा कॅनमध्ये मिळते. दुचाकीच्या नव्या बॅटरीत प्रथम भरावयाचे विरल अम्लही बाटलीतूनच विकले जाते. दोन्ही द्रव रंगहीन असल्याने बाटलीवरील नाव वाचल्याशिवाय वापर करू नये, तसेच कोणताही द्रव नाव नसलेल्या जुन्या बाटलीत साठवू नये.

इतर पाणी अयोग्य का ठरते, याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• विहीर व विंधनविहिरीचे पाणी : मावळातील भूजल बेसॉल्ट खडकातून येते व त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ते पट्ट्यांच्या छिद्रांत साचतात. पाण्यातील लोह धन व ऋण पट्ट्यांमध्ये ये-जा करीत राहते आणि बॅटरी वापराविनाच उतरते.

• नळाचे पाणी : शुद्धीकरणासाठी वापरलेल्या क्लोरिनामुळे त्यात क्लोराइड असते. क्लोराइडामुळे धन पट्टीची जाळी झिजते.

• उकळलेले पाणी : उकळल्याने जंतू मरतात, परंतु क्षार जात नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते.

• घरगुती शुद्धीकरण यंत्राचे व बाटलीबंद पिण्याचे पाणी : दोन्हींत क्षारांचा काही अंश राहतो; चवीसाठी तो पुन्हा मिसळलेलाही असतो.

• वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी : ते बाष्पापासून बनलेले असले तरी तांबे व ॲल्युमिनियमच्या भागांवरून आणि धुळीतून वाहत येते.

• पावसाचे पाणी : लोणावळ्यात ते मुबलक असल्याने वापरण्याचा मोह होतो. मात्र पत्रे व कौले यांवरून येणाऱ्या पाण्यात गंज, धूळ, शेवाळ व पक्ष्यांची विष्ठा मिसळते. थेट आकाशातून धरलेल्या पाण्यातही हवेतील क्षार व धूर यांचा अंश असतो.

पातळी खाली गेली आहे आणि योग्य पाणी हाताशी नाही, अशा वेळी नळाचे पाणी घालण्यापेक्षा भारण व वापर दोन्ही बंद ठेवून पाणी मिळेपर्यंत थांबणे श्रेयस्कर ठरते. बॅटरीत गेलेली अशुद्धी पुढे काढून टाकता येत नाही.

पातळी तपासण्याची व पाणी घालण्याची पद्धत

पाणी साधारणतः बॅटरी पूर्ण भारित झाल्यावर घालतात. उतरलेल्या बॅटरीत मिश्रणाची पातळी मुळातच खाली असते व भारण होताना ती वर चढते. त्यामुळे भारणापूर्वी काठोकाठ पाणी घातल्यास ते सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र भारणापूर्वीच त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी घालावे, नंतर पूर्ण भारण करावे आणि मग उरलेली पातळी भरावी.

१. इन्व्हर्टरचा खटका बंद करून त्याचा प्लग काढावा. खिडक्या-दारे उघडून अर्धा ते एक तास थांबावे, म्हणजे साठलेला वायू निघून जातो.

२. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी हातमोजे घालावेत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे. दोन्ही टर्मिनलांना धातूचा एकाच वेळी स्पर्श झाल्यास मोठा विद्युत्प्रवाह वाहून भाजण्याची शक्यता असते.

३. बॅटरीचा माथा ओलसर फडक्याने पुसून घ्यावा. झाकणांभोवतीची धूळ घटात पडू देऊ नये.

४. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बहुधा तरंगत्या कांडीचे पातळीदर्शक असतात. त्यांवरील लाल व हिरव्या खुणांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावा. कांडी अडकलेली नाही, हे ती बोटाने हलकेच दाबून तपासावे.

५. पातळीदर्शक नसल्यास झाकण काढून विजेरीच्या प्रकाशात आत पाहावे. काडेपेटी, मेणबत्ती किंवा लायटर कदापि वापरू नये.

६. प्लास्टिकचे नरसाळे वा पिचकारी वापरून प्रत्येक घटात थोडे थोडे पाणी घालावे. पेटीवर कमाल खूण असल्यास तिच्यापर्यंत, नसल्यास पट्ट्यांच्या वर सुमारे १० मिलिमीटर पातळी ठेवावी. झाकणाखालच्या नळीचे तोंड पाण्यात बुडू देऊ नये.

७. झाकणे घट्ट बसवावीत, त्यांतील सूक्ष्म छिद्रे मोकळी असल्याची खात्री करावी, माथा कोरडा करावा व मगच पुरवठा सुरू करावा.

८. तारीख आणि प्रत्येक घटास लागलेले पाणी यांची नोंद ठेवावी.

सहाही घटांस जवळजवळ सारखेच पाणी लागणे हे निरोगी बॅटरीचे लक्षण होय. एकाच घटाची पातळी वारंवार खाली जात असेल तर पेटीस तडा गेला असण्याची किंवा तो घट सदोष असण्याची शक्यता असते. याउलट इतर घट पाणी घेत असताना एखाद्या घटास पाणी लागतच नसेल आणि त्याचे विशिष्ट गुरुत्वही कमी असेल, तर त्यातील पट्ट्या आतून एकमेकींना चिकटल्या असण्याचा संभव असतो. नोंदवही असल्यास हा फरक बॅटरी बंद पडण्यापूर्वीच लक्षात येतो.

विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने मोजतात. पाणी घातल्यावर लगेच घेतलेले मोजमाप फसवे असते, कारण हलके पाणी वरच्या थरात राहते. एकदा भारण होऊन बुडबुड्यांनी मिश्रण ढवळले गेल्यावर व बॅटरीस काही तास विश्रांती दिल्यावर मोजमाप घ्यावे. भारतात २७ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात; त्यापेक्षा प्रत्येक अंश अधिक तापमानास मोजमापात ०.०००७ मिळवितात व कमी तापमानास वजा करतात.

ऋतुमानानुसार तपासणी

महिन्यातून एकदा पातळी पाहणे ही सर्वसाधारण सुरक्षित सवय होय. पाणी दर वेळी घालावे लागतेच असे नाही. पाहणे मात्र नियमित असावे. काही महिन्यांच्या नोंदींवरून त्या बॅटरीस योग्य असा कालावधी ठरविता येतो.

मावळात मार्च ते मे या उन्हाळी महिन्यांत पाणी अधिक वेगाने कमी होते. तापमानातील दर १० अंश सेल्सिअस वाढीस बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक स्थूल नियम आहे. पत्र्याच्या खोलीत, जनरेटरशेजारी किंवा उन्हाच्या भिंतीलगत ठेवलेल्या बॅटरीस तो विशेष लागू पडतो. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मेअखेरीस, पातळी भरणे, टर्मिनले साफ करणे आणि बॅटरी किती वेळ टिकते हे पाहणे उपयुक्त ठरते. पावसाळ्यात दमट हवेमुळे टर्मिनलांवर पांढरा वा हिरवट थर जमतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने हा थर पुसावा व कोरड्या टर्मिनलास पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी घटात जाऊ नये, यासाठी झाकणे बंद असावीत.

ट्रॅक्टरच्या बॅटरीची तपासणी भातलावणीच्या चिखलणीपूर्वी व हंगाम संपल्यावर अशी दोनदा तरी करतात. यंत्र दीर्घकाळ उभे राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भारित करून तिची ऋण तार सोडवून ठेवणे व महिना-दीड महिन्याने पुन्हा भारित करणे इष्ट असते.

बंद बंगल्यांतील बॅटऱ्या

लोणावळा, खंडाळा, कार्ला, पवनानगर या भागांत मुंबई-पुण्याच्या रहिवाशांचे अनेक बंगले आहेत. मालक महिन्यातून एक-दोनदा येतात. बाग, पाण्याची टाकी व साफसफाई यांची जबाबदारी रखवालदार किंवा माळ्याकडे असते. इन्व्हर्टर मात्र जिन्याखालच्या कपाटात राहतो व त्याची जबाबदारी स्पष्टपणे कोणाकडेच सोपविलेली नसते. अशा घरांत बॅटरीचे नुकसान दोन परस्परविरुद्ध मार्गांनी होते.

पहिल्या प्रकारात घराचा वीजपुरवठा व इन्व्हर्टर दोन्ही चालू ठेवले जातात. बॅटरी सतत भारणावर राहते व पाणी हळूहळू आटते. दुसऱ्या प्रकारात मालक निघताना घराचा मुख्य खटका बंद करतो, परंतु इन्व्हर्टर बंद करावयाचा राहतो. इन्व्हर्टरच्या दृष्टीने ही वीज गेल्याचीच स्थिती असल्याने तो बाहेरचा दिवा, सुरक्षा कॅमेरे इत्यादींना बॅटरीतून वीज पुरवितो. काही तासांत बॅटरी उतरते व पुढचे कित्येक आठवडे तशीच पडून राहते. या अवस्थेत पाण्याची पातळी योग्य असूनही पट्ट्यांवर सल्फेट कठीण होते आणि बॅटरी निकामी होते.

घर महिनाभर किंवा अधिक काळ बंद राहणार असल्यास दोन पर्याय असतात. पुरवठा चालू ठेवल्यास माहितगार व्यक्तीने महिन्यातून एकदा पातळी पाहावी. बंद ठेवावयाचा असल्यास बॅटरी पूर्ण भारित करून पातळी भरावी, इन्व्हर्टर बंद करावा आणि बॅटरीची तार सोडवावी; दाब १२.४ व्होल्टच्या खाली जाण्यापूर्वी ती पुन्हा भारित करावी. रखवालदाराकडे हे काम सोपविताना केवळ पाण्याचा कॅन देणे पुरेसे नाही. हातमोजे, चष्मा, नरसाळे व नोंदवही द्यावी आणि एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. अम्लाने इजा होण्याचा धोका काम करणाऱ्यास असल्याने ही साधने पुरविणे हे काम सोपविणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

कॅराव्हॅनमधील बॅटऱ्या

राहण्याची सोय असलेल्या वाहनास कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आखले. अशा वाहनात सामान्यतः दोन बॅटऱ्या असतात : एक इंजिन सुरू करण्यासाठी व दुसरी निवासी भागातील उपकरणांसाठी. दुसरी बॅटरी खोलवर उतरते व पुन्हा भारित होते. इंजिन, छपरावरील सौर पट्ट्या व मुक्कामाच्या जागेवरील वीज अशा तीन मार्गांनी तिचे भारण होऊ शकते. वाहन उन्हात उभे असताना सौर पट्ट्यांचे नियंत्रक योग्य दाबावर बसविलेले नसेल, तर न वापरताही तिचे पाणी आटते.

कॅराव्हॅनमध्ये पातळी पाहताना वाहन सपाट जागेवर उभे असणे आवश्यक असते. बोरघाट परिसरातील उतारावर किंवा जलाशयाकाठच्या उंचसखल जमिनीवर एका बाजूचे घट भरलेले, तर दुसऱ्या बाजूचे रिकामे भासतात. घाटातील वळणांवर व खडबडीत रस्त्यावर मिश्रण हिंदकळत असल्याने कमाल खुणेच्या वर पाणी घालणे येथे अधिक धोक्याचे असते. निवासी भागातील बॅटरी बंद पेटीत ठेवून त्या पेटीचा वायुमार्ग वाहनाबाहेर काढलेला असावा; झोपण्याच्या जागेत वायू येऊ देऊ नये.

हेच वाहन हिवाळ्यात हिमालयाकडे नेल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्ण भारित बॅटरीतील मिश्रण उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील मिश्रण मात्र उणे १० अंशांच्या आसपास गोठते. थंड प्रदेशात पाणी घातल्यावर लगेच भारण करावे, अन्यथा वर तरंगणारे पाणी मिसळण्यापूर्वीच गोठून पेटी फुटू शकते.

सुरक्षितता

हवेत हायड्रोजनाचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की ते मिश्रण ज्वालाग्राही होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येक ॲम्पिअर-तास अतिभारणास अडीच लिटरांहून अधिक हायड्रोजन बाहेर पडतो. ५०० लिटर आकारमानाच्या व हवा अजिबात न खेळणाऱ्या कपाटात ही मर्यादा गाठण्यास २० लिटर हायड्रोजन, म्हणजे सुमारे सात-आठ ॲम्पिअर-तास अतिभारण पुरते. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने वर साठतो. म्हणून कपाटास खाली व वर दोन्हीकडे झरोके असावेत. बॅटरीजवळ देवघरातील समई, उदबत्ती, गॅसची शेगडी किंवा ठिणगी उडविणारे खटके नसावेत.

अम्ल डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली डोळा किमान १५ ते २० मिनिटे धुवावा व विनाविलंब डॉक्टरकडे जावे. त्वचेवर पडल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत किंवा त्वचेवर सोडा लावू नये. सोडा फरशीवर सांडलेले अम्ल निष्प्रभ करण्यासाठी वापरावा. बॅटरी लहान मुलांच्या हाताशी येणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या

झडपयुक्त बंद शिसे-अम्ल बॅटरीत निर्माण झालेला ऑक्सिजन ऋण पट्टीवर पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो. तिचे झाकण उघडून पाणी घालावयाचे नसते. झाकण उचकटल्यास तिची रचना बिघडते. लिथियम बॅटरीत पाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नवी मोटार व नवी कॅराव्हॅन यांत या प्रकारांचा वापर वाढत आहे. मात्र पाणी घालावे लागणारी ट्युब्युलर बॅटरी त्यामानाने स्वस्त, दुरुस्तीस सुलभ व योग्य देखभालीत दीर्घायुषी असल्याने घरगुती इन्व्हर्टरमध्ये ती टिकून आहे. कोणतीही देखभाल करण्यापूर्वी बॅटरीचा प्रकार तिच्यावरील मजकुरावरून निश्चित करून घ्यावा.

जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट

देखभालीअभावी निकामी झालेली प्रत्येक बॅटरी शिशाचा कचरा निर्माण करते. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा दुष्परिणाम होतो. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि पवना नदीही मावळातूनच वाहते. या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत ओढ्याकाठी बॅटरी फोडणे किंवा तिच्यातील अम्ल ओतणे यांचा परिणाम खालच्या गावांपर्यंत पोहोचू शकतो.

भारतात बॅटरी (व्यवस्थापन व हाताळणी) नियम, २००१ अन्वये जुन्या शिसे-अम्ल बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था सुरू झाली. त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ आले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी न फोडता, तिच्यातील द्रवासह, उभ्या स्थितीत विक्रेत्याकडे परत द्यावी. शिशास पुनर्वापर मूल्य असल्याने तिची काही किंमत नव्या बॅटरीच्या खरेदीत वजा करून मिळते.